कवडीला एकच औषध द्यायचं ठरलं

...आणि वर मलाच विचारतात, तुमाला सांगतो, मलाच! "कारभारी, ठरलं का तुमचं?" म्हणजे तिकडं गोठ्यात कालवड माती चाटतेय, पोट टमटमीत आणि फासळ्या अशा की दुरून मोजाव्या, अंगावरचा केस न् केस उभा, शेण टाकते ते नुसतं पाणी, शेंबड्या पोराला नेऊन दाखवा तो पण सांगेल हिच्या पोटात जंत झालेत... आणि ही सगळी शहाणी माणसं ओटीवर ऐसपैस बसून मला विचारतात, ठरलं का? आता मी काय ठरवू? पण नाय. ठरवायचं कोणी? कारभाऱ्यानं. कारभारी कोण? मी!

बरं, हा कारभार मी काय मागून घेतला होता? आमचा म्हातारा गेला, दिवसकार्य झालं, पाव्हण्यांनी माझ्या डोक्याला पागोटं बांधलं, आणि तेव्हापास्नं घरात दावं तुटलं तरी कारभारी, कोंबडी हरवली तरी कारभारी, पाऊस लांबला तरी माझ्याच तोंडाकडं बघतात! आमचा पाडा तिकडं डोळखांबच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. घरात माणसं मोजकी. माझी आये, माझा चुलता लखमाकाका, लहानीची आय म्हणजे आमची मंडळी, आणि आमची पोरगी लहानी. बोलतात सगळी आणि ठरवतो मी. ठरवतो म्हणजे काय, तेच तर सांगतोय, जरा दम धरा.

तर ही कालवड, कवडी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून कवडी. हिची आय हिला जनली आणि त्याच दिवशी मेली. आमी तर आशा सोडलेली. पण आमची लहानी, परकरातली पोर तेव्हा, तिनं फडक्याचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून बुडवून हिला जगवली, स्वतः जेवायच्या आधी हिला पाजली, थंडीत आपली गोधडी हिच्या अंगावर टाकली, आणि आयेच्या शिव्या खाल्ल्या. आता वैशाखात लहानीचं लगीन ठरलेलं, किन्हवलीच्या सावळारामाच्या पोराशी. पोरीच्या मागं कालवड द्यायची आमच्यात रीतच हाय, पण तुमाला सांगतो, इथं रीतीचा प्रश्न नव्हता. ही पोर कदी काय मागत नाय हो. लुगडं मागितलं नाय, बांगडी मागितली नाय. एकदाच बोलली, "बा, कवडीला माझ्या संगती धाडशील ना?" मी बोललो, धाडीन. मी बोलायला आणि कालवड खंगायला एकच गाठ!

व्याही एकदा येऊन बघून गेले. गोठ्यात वाकले, कवडीच्या पाठीवरून हात फिरवला, गालफड खाजवलं आणि बोलले, "कारभारी, पोरगी आमी आनंदानं नेऊ. पण ही वाटंत बसली तर उचलायची कोणी?" वाईट नाय बोलले, खरं तेच बोलले. पण लहानी दारामागं उभी होती. तिनं ऐकलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाय. बाप शब्द देतो आणि जंत तो खातात, हे काय बरं दिसतं?

मंग औषध करायचं ठरलं. म्हणजे करायचं, एवढं ठरलं. कोणतं, ते नाय ठरलं. आये बोलली, "माझ्याकडं हाय एक." मी विचारलं, काय? आये तुळशीकडं बघायला लागली. लखमाकाका कानानं ठार बहिरा, त्याच्या कानात ओरडून विचारलं तर तो बोलला, "माझ्यापाशी हाय की! माझ्या आज्यापास्नंचं हाय!" काय हाय, काका? काका आढ्याकडं बघायला लागला. चुलीपास्नं लहानीची आय बोलली, "आमच्या माहेरी मुरबाडाकडं बसल्या बैठकीला जंत पाडतात." कशानं गो पाडतात? तर भाकर थापायचा आवाज तेवढा मोठा झाला.

कारण काय, तर झाडपाल्याचं आमच्याकडं असं हाय, की औषध आणायला जाताना बोलायचं नाय, आणलं ते दाखवायचं नाय, पाजलं ते सांगायचं नाय. सांगितलं की गुण गेला. हे काय आजचं नाय, वाडवडलांपास्नं चालत आलंय, मी पण मानतो. पण मला सांगा, निवडायचं कसं? एकीचं 'हाय एक', एकाचं 'आज्याचं', आणि एकीचं 'माहेरचं'! बाजारात भाजीला जावं, सगळ्या पाट्यांवर फडकी झाकलेली असावीत आणि माळणीनं बोलावं, फडकं न काढता सांग कोणती घेतोस... त्यातली गत. बरं, आयेचं घ्यावं तर बायको मुकी होते. बायकोचं घ्यावं तर आये बोलकी होते. यातलं भारी कोणतं ते तुमी पण लगीन झालेली माणसं, तुमाला मी काय सांगू?

पाड्यावर विचारून बघितलं. भिमी बोलली, माझ्याकडं हाय. नथू बोलला, माझ्याकडं तर रामबाण हाय. ज्याला विचारावं तो छातीवर हात मारून सांगतो, आणि नाव विचारलं की त्याला घरचं काम आठवतं. सगळ्या डोंगरात कालवडीला औषध नाय असं एक घर नाय, आणि औषधाला नाव असं एक औषध नाय! आणि फिरून संध्याकाळी घरी यावं तर ओटीवर तेच... ठरलं का? ठरवायचं कोणी? कारभाऱ्यानं. कारभारी कोण? मी.

शेवटी वैतागून बोललो, ज्या औषधाला नाव हाय ते माझं औषध! शहापूरला ढोरांचा दवाखाना हाय, तिकडं चालत सुटलो. लढाईचे दिवस, आग्रा रोडवर मिलिटरीच्या लॉऱ्या एकामागून एक, धुरळा असा की शहापूरच्या बाजारात शिरलो तेव्हा आमचा नेहमीचा दुकानदार मला बोलला, "बाबा, पुढं जा." मी, म्हणजे घरचा कारभारी, आणि हा माणूस मला पुढं जा बोलतो! पण राग करायला पण अंगात जीव पाहिजे ना? गेलो पुढं.

दवाखान्यातला डॉक्टर घाटावरचा, शुद्ध बोलणारा, आणि तोंडावर असा थकवा, की मला एकदम जवळचा वाटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बाटलीत निळं पाणी दिलं. "हे मोरचुदाचं पाणी. सकाळी अनशापोटी पाजा. आणि दुसरं काहीही पाजायचं नाही. एका वेळी एकच औषध. कळलं?" कळलं, मी बोललो. "घरच्यांना सांगा." सांगतो. "नीट सांगा." सांगतो की हो! तेव्हा मला वाटलं, हा मला काय कुकुलं बाळ समजतो? आता वाटतं, त्या माणसाला आमचं घर न बघताच कळलं होतं.

घरी आलो, बाटली ओटीच्या मधोमध ठेवली आणि ठणकावून बोललो, तुमाला सांगतो, असा मी जन्मात बोललो नव्हतो, शेजारच्या चार घरांना ऐकू गेलं: हे मोरचुदाचं पाणी, उद्या सकाळी कवडीला हेच द्यायचं, दुसरं काय नाय, ठरलं! आयेनं मान हलवली. काकाच्या कानात सगळं परत ओरडलो, काकानं मान हलवली. लहानीच्या आयेनं पण हलवली. मला काय बरं वाटलं! आडवा झालो तर लगेच झोप लागली. आता मला सांगा, आमची आये, जी स्वतःच्या लग्नात पण पाटावर उभं राहायला नाय बोलली होती असं सांगतात, ती निमूट मान हलवते... तिथंच नको होती शंका यायला? पण नाय आली. कारभाऱ्याचं डोकं पागोट्याखाली असतं ना, त्याला वारा लागत नाय.

सकाळी उठून गोठ्यात गेलो. ढोराला पाजायचं बांबूचं नळकांडं आमच्याकडं एकच, गोठ्याच्या मेढीच्या खांबाला टांगलेलं. हातात घेतलं तर ओलं. मी बोललो, दव पडलं असंल. चैतात! छपराखाली! आणि कवडी... एरवी हिला पाजायचं म्हणजे दोघांनी मान धरा, एकानं जबडा उघडा, एखादी लाथ खा, तेव्हा घोटभर आत आणि उरलेलं आपल्या अंगावर. त्या दिवशी तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या नळकांड्याकडं बघितलं, एक लांब उसासा सोडला, आणि आपणहून मान वर करून तोंड वासलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं हो! मी लहानीला बोललो, बघ गो, मुकं जनावर, पण त्याला आपलं भलं कळतं. भलं! त्या गरीब जिवाकडं त्या सकाळी नळकांडं घेऊन येणारा मी चौथा माणूस होतो! पण मला ते सांगणार कोण? सांगितलं की गुण जातो ना!

ऊन अंगणात यायच्या आत कवडी आडवी. पाय ताणलेले, तोंडाला फेस, मागून चाललंय ते विचारू नका. लहानीनं हाक मारली तेव्हा मी बघितलं. नशीब एवढंच, की तो डॉक्टर त्या दिवशी डोळखांबला ढोरांना बुळकांडीच्या रोगाची सुई टोचायला येणार असं बोलला होता. धावत गेलो. कसा गेलो, वाटेत कोण भेटलं, काय आठवत नाय. त्यानं हातातलं काम टाकलं आणि आला बिचारा माझ्यामागं, धापा टाकत.

कवडीला बघितलं, डोळ्याची पापणी उलटून बघितली आणि बोलला, "नुसत्या मोरचुदानं जनावर असं पडत नाही. आणखी काय पाजलंत?" मी बोललो, काय नाय, देवाशप्पत काय नाय! आणि बोलता बोलता मागं वळलो. आये तुळशीकडं बघतेय. काकानं आढ्याकडं बघावं तर गोठ्याच्या दारात आढं कुठलं, म्हणून आभाळाकडं बघतोय. लहानीची आय पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतेय. तेव्हा, तुमाला सांगतो, तेव्हा ते ओलं नळकांडं आणि ते वासलेलं तोंड माझ्या टाळक्यात एकदम येऊन बसलं.

मी बोललो, कोणी कोणी पाजलं? काय पाजलं? डॉक्टर सांगतोय, पोटात काय गेलंय ते कळलं तर उतारा देता येईल, चुकीचा दिला तर हातची जाईल. मी हात जोडले. आयेचे पाय धरले. आये बोलली, "पोरा, सांगितलं तर गुण जाईल." अगो आये, कालवड जाईल त्याचं काय? "म्हणून तर नाय सांगत. औषध आत झुंजतंय आणि मी त्याला अर्ध्यावर टाकू?" आता याला काय बोलाल? दुष्टपणा असता तर भांडलो असतो. पण आयेनं तुळशीला हात जोडलेले हो. लहानीच्या आयेचे डोळे भरलेले. काकानं तर कवडीला खांद्यावर घेऊन नाचवलेली. सगळ्यांना ती जगायला पाहिजे होती, म्हणून तर सगळ्यांनी पाजलं, आणि म्हणून तर कोणी बोलेना! आणि डॉक्टर माझ्याकडं बघतोय, ठरवा काय ते. ठरवायचं कोणी? कारभाऱ्यानं... मी तिथंच शेणात बसलो.

लहानी कवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती. तिनं मान पण वर केली नाय, हळूच बोलली, "बा, ही नाय राहिली तर मी किन्हवलीला जायची नाय."

मंग आये उठली. बोलली, माणसाला सांगायचं नाय असं हाय. ढोराला सांगू नये असं कोणी सांगितलंय? आणि गेली, कवडीच्या कानाशी वाकली. डॉक्टर तिथंच उकिडवा बसलेला, कानात त्या रबरी नळ्या घालून कवडीचं काळीज ऐकत होता. आयेनं त्याच्याकडं नीट बघितलं. बोलली, याचे कान बुजलेत, याचं भ्या नाय. आणि तोंडाला पदर लावून कवडीच्या कानात कुजबुजली. आणि तो डॉक्टर, तुमाला सांगतो, माणूस घाटावरचा पण डोक्यानं पार आमच्यातला, त्यानं नळीचं खालचं टोक काळजावरून उचललं आणि हळूच सरकवलं कवडीच्या कानापाशी! तोंड असं, की जसा काय भजनाला बसलाय.

आयेमागून लहानीची आय गेली. ती पण कुजबुजली, आणि जरा जास्तच वेळ कुजबुजली. मला वाटतं त्यात माझ्याबद्दल पण दोन शब्द होते, कारण डॉक्टरनं मधेच एकदा माझ्याकडं बघितलं. आणि मंग गेला लखमाकाका. आता बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं तुमी ऐकलंय? काका कवडीच्या कानाशी वाकला, इकडं तिकडं बघितलं, तोंडाला हात लावला आणि बोलला, "पळसाच्या बिया गो बाय! गुळाच्या पाण्यात वाटून दिल्यात! कोणाला सांगू नको!" डॉक्टरनं कानातल्या नळ्या ओरबाडून काढल्या. नथू तर पार ओढ्यापलीकडून ओरडून विचारतो, "लखमाकाका, बिया किती घेतल्या?" आणि काका ताठ उभा राहिला, असा समाधानी, की काय सांगू. त्याच्या हिशेबी हे गुपित त्याच्यात आणि कवडीत होतं.

डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. बोलला, आयेनं तंबाखूचं पाणी पाजलंय. अहो, लढाईत तंबाखू मिळेना, आये मिसरीला महाग झालेली, आणि तिनं आपली जपून ठेवलेली पुडी नातीच्या कालवडीला पाजली! मला रागवावं का पाया पडावं तेच कळेना. लहानीच्या आयेनं ताकात वावडिंग. काकाच्या बिया तर पाड्यालाच माहीत. आणि वर माझं मोरचूद. डॉक्टर बोलला, "जंत सोडा, यात दगड वितळेल." मंग त्यानं चुलीतला कोळसा मागवला, बारीक कुटून पातळ पेजेत कालवला आणि थोडा थोडा पाजायला लावला. एक घोट, थांबा. परत एक घोट, थांबा. कोणी जेवलं नाय. ऊन कललं, आणि कवडीनं कान हलवला. मंग मान उचलली. मंग पुढचे पाय टेकले, पडली, परत टेकले, आणि लहानीच्या खांद्याला रेलून उभी राहिली. आणि शेण टाकलं. त्यात असले जंत, असले जंत, की शेवयांचं ताटच उपडं झालं बोला! माफ करा, जेवणाची वेळ हाय, पण जे हाय ते हाय.

मी रडलो. लाजायचं काय त्यात? आणि रडून डोळे पुसून वर बघतो तर आये कशी, गालात हसतेय, की बघा माझा गुण. लहानीची आय कशी, पदर सावरून ताठ, की शेवटी माहेरचं कामाला आलं. काका तर आज्याचं नाव घेऊन हात जोडतोय. डॉक्टरनं पिशवी उचलली आणि जाता जाता मला बोलला, "जंत मोरचुदानंच पडले बरं का, बाकीच्यांनी तिला मारायलाच घेतली होती." ते आयेनं ऐकलं आणि माझ्या कानाशी बोलली, "ज्याचं नाव बाटलीसकट पाड्याला ओरडून सांगितलंस, त्याला कसला गुण राहणार रे? म्हणून तर आमाला पाजायला लागलं." म्हणजे बघा, कवडी वाचली ती सगळ्यांच्या औषधानं, एक माझं सोडून. आणि मेली असती तर? तर मंग ठरवलं कोणी होतं? कारभाऱ्यानं! तेव्हा कारभारी कोण ते सगळ्यांना बरोबर आठवलं असतं.

वैशाखात लगीन झालं. कवडी किन्हवलीला आपल्या पायांनी चालत गेली, वऱ्हाडाच्या पुढं पुढं, टुणटुण. व्याही पण बघत राहिले. लहानीनं ओढ्यापाशी एकदा मागं वळून बघितलं. मी हात वर केला, पण मला तेव्हा नीट दिसत नव्हतं. घरी आलो तर गोठा रिकामा, दावं तसंच पडलेलं, आणि कितीतरी दिवस मला कोणी काय ठरवायला पण सांगितलं नाय. बरं वाटायला पाहिजे होतं. नाय वाटलं.

आणि परवा, भातकापणी आटपली तेव्हा, किन्हवलीहून माणूस आला. व्याह्यांच्या बैलांना जंत झालेत. ओटीवर बसला, घाम पुसला आणि मलाच विचारतो, तुमाला सांगतो, मलाच! व्याह्यांनी विचारलंय, कवडीला तुमी कोणतं औषध ठरवलं होतं? मी आयेकडं बघितलं, आये तुळशीकडं. काकाकडं बघितलं, काका आढ्याकडं. चुलीपाशी भाकर थापायचा आवाज मोठा झाला. मी त्या माणसाला पाणी दिलं, सुपारी दिली, आणि बोललो, "व्याह्यांना सांग, कोणतं पण एक ठरवा. बाकीची घरची माणसं पाजतात."